तात्यांचं लाईव्ह

१

“फोनात दिसतंय म्हंजे माणूस बरा हाय, असं नसतं राजी. येऊन एकदा हात लावून बघावं माणसाला.”

कौसल्याकाकू हे बोलल्या तेव्हा तात्यांच्या दारावर कॅमेरा बसत होता आणि मी खाली उभी राहून, थोडा उजवीकडे, थोडा खाली, अशा सूचना देत होते. मी हसून म्हटलं, “काकू, हे लाईव्ह असतं. ह्या घटकेला इथं जे चाललंय तेच तिकडं बारामतीत मला दिसणार.”

“व्हय का? मग ह्या घटकेला मी च्या टाकलाय. तिकडनंच पी.”

सगळे हसले. तात्या तर खोकला येईपर्यंत हसले.

तात्या म्हणजे माझे वडील, सावळाराम. आई गेल्यावर सणसरच्या शिवारात, उसाच्या कडेच्या वस्तीवर ते एकटेच राहत होते. मी बारामतीत. सौरभ, माझा धाकटा भाऊ, पुण्यात. तात्यांच्या लेखी फोन म्हणजे कोनाड्यात चार्जिंगला लावून विसरायची वस्तू. आणि मी ही अशी. कुणी फोन उचलला नाही की नको नको ते डोळ्यांपुढं येतं. म्हणून कॅमेरा.

जानेवारीतल्या एका बुधवारी, तापलेल्या छकुलीच्या, माझ्या लेकीच्या, कपाळावरची ओली पट्टी बदलत असताना काकूंचा फोन आला. काकू वस्तीवरच पलीकडच्या घरात राहतात. दूध द्यायला गेल्या होत्या. नुसतं “राजी... राजी...” म्हणत राहिल्या. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही.

तात्या आतल्या खोलीत जमिनीवर होते. कपाळाला मोठी खोक. शेजारी प्लास्टिकचं स्टूल उलटं पडलेलं. वरच्या फळीवर नेटचा डबा होता. त्याची पिन बोर्डातून उपसलेली, वायर भिंतीवर लोंबत होती.

सौरभ पुण्याहून पोचला, पण रडला नाही. त्यानं आधी ती वायर बघितली.

“ताई, कॅमेरा बंद करायला कुणीतरी पिन ओढलीय. काल संध्याकाळी तात्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. धडधाकट. मी स्वतः बघितलंय, तूही बघितलंयस. त्यानंतर वस्तीवर एकच माणूस आला.”

“कोण?”

त्यानं पलीकडच्या घराकडं बोट केलं. “काकूंचा सोमनाथ.”

२

सोमनाथ कारखान्याच्या ऊसवाहतुकीवर ट्रॅक्टर चालवतो. पावसाळ्यात तात्यांचं आणि त्याचं रस्त्यावरून वाजलं होतं. तात्या आपल्या रानातून ट्रॅक्टर जाऊ देईनात. तेव्हा पारावर दहा माणसांत तो म्हणाला होता, “तात्या, येक दिस तुमच्या दारातनंच घालीन ट्रॅक्टर.” गावानं तेव्हा ते हसण्यावारी नेलं. बुधवारी मात्र ते वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी होतं.

आणि सोमनाथनं आपल्याच तोंडानं हवालदारांना सांगून टाकलं, की मंगळवारी दिवस मावळायच्या आधी तो आला होता. “ओट्यापुढं हुबं राहून दोनदा हाक मारली. ओट्यावर कुणी नव्हतं. दार लोटलेलं. झोपलं असतील म्हणलं आन् गेलो.”

सौरभनं फोन पुढं केला. मंगळवारचं चित्रण सर्व्हरवर साठवलेलं होतं. त्याच वेळी तात्या ओट्यावर बसलेले. मांडीवर सूप, शेंगा फोडताहेत, मध्येच टरफलं झटकताहेत. कोपऱ्यात तारीख आणि वेळ ठळक अक्षरांत. आणि ओट्यापुढं सोमनाथ नाही. आधी नाही, नंतर नाही.

“म्हणजे हा कॅमेरा चुकवून मागच्या बाजूनं आला,” सौरभ म्हणाला. हवालदारांनी मान हलवली. ओट्यावर कुणी नव्हतं म्हणणारा माणूस, आणि ओट्यावर बसलेले तात्या. दोन्ही खरं असू शकत नव्हतं.

मीही सोमनाथला खोटा ठरवलं. कारण मंगळवारी मी तात्यांना डोळ्यांनी पाहिलं होतं. छकुलीला ताप होता म्हणून दिवसभर ती माझ्या मांडीवर होती. दुपारी जेवण झालं की तात्या कॅमेऱ्याकडं बघून हात हलवायचे आणि ती इकडून हलवायची, हा त्या दोघांचा रोजचा कार्यक्रम. त्या दुपारीही झाला. तापानं डोळे मिटत असताना छकुली म्हणाली, “आता माऊ उडी मारणार.” आणि खरंच, कठड्यावरून मांजर तात्यांच्या पायाशी उडी मारून आलं. मी तिची पापी घेतली. म्हटलं, माझी हुशार बाई ती.

मंगळवारी मी फोन केलाच नाही. हात हलवणाऱ्या माणसाला कशाला फोन करायचा?

अंत्यविधी उरकून बायका परतत होत्या तेव्हा काकू माझ्यापाशी थांबल्या. सोमनाथला त्या वेळी चौकीवर बसवून ठेवलं होतं.

“ज्या फोनानं तुला बाप दाखवला ना राजी,” त्या म्हणाल्या, “त्याच फोनानं माझ्या पोराला खुनी केलं.”

३

गुरुवारी दुपारी सोमनाथला घरी सोडलं, उद्या परत ये म्हणून. मी त्यांच्या अंगणात गेले. सौरभ नको म्हणत होता. काकूंनी बसायला पोतं टाकलं आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

सोमनाथ ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उकिडवा बसला होता. गालावर वळ होता. कुणाचा ते मी विचारलं नाही.

“तू तात्यांकडं कशाला आला होतास?”

“ऊस किती भरला ते सांगाया.”

“कुठला ऊस?”

त्यानं माझ्याकडं वेड्यासारखं बघितलं. “तुमचाच की ताई. मंगळवारी तोडणीचं मशीन आलं न्हाय का! आदल्या सांजला निरोप आला, तांबडं फुटायला मशीन रानात. दुपारच्या आत सपाट. मी वाहतुकीला. पयली खेप सकाळीच न्हेली, मग कारखान्यावर नंबरला उभा. सांज व्हायला आली तवा रिकामा झालो.”

मला कुणी सांगितलं नव्हतं. तात्या सांगणारच होते बहुतेक, मी फोन केला असता तर.

“सकाळी तात्या दिसले तुला?”

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

“दिसले की.”

“बोलले काही?”

त्यानं आईकडं बघितलं. काकू दारात उभ्या होत्या, पदराचं टोक तोंडात धरून. “सांग की सोम्या,” त्या म्हणाल्या. “सांगून टाक.”

“काय न्हाय,” तो उठला. “काय बोललो तरी माज्याच गळ्यात पडणार हाय. तुमी फोनातलं बघा ताई. त्यात समदं खरं असतंय.”

ट्रॅक्टर सुरू करून तो निघून गेला. त्याच्या मनात काहीतरी होतं, आणि ते आईला ठाऊक होतं.

४

त्या संध्याकाळी मी ओट्यावर तात्यांच्या जागेवर जाऊन बसले. त्यांचं सूप तिथंच भिंतीला उभं होतं. छकुलीला घरी तिच्या बाबांनी सांभाळलं होतं. मला फक्त थोडा वेळ तिथं बसायचं होतं, बाकी काही नको होतं.

बसता येईना. ऊन थेट डोळ्यांत येत होतं. मी सरकले, तोंड फिरवलं, शेवटी पदर पुढं ओढला. आणि तसाच धरून राहिले.

ह्या ओट्यावर थंडीत संध्याकाळचं ऊन लागत नाही. आमच्या ओट्याच्या पश्चिमेला, बैलगाडी जाईल एवढी वाट सोडून, ऊस उभा असतो. दोन पुरुष उंच. दिवस कलला की त्याची सावली ओट्यावर येते, आई त्या वेळी लुगड्यावर शाल घेऊन बसायची. मी उठून बघितलं. बुधवारी आले तेव्हा मला काहीच दिसलं नव्हतं. आता दिसलं, पलीकडच्या बाभळीपर्यंत नुसतं पाचट पसरलेलं.

“सौरभ, तुझा फोन दे.”

मंगळवारची संध्याकाळ. तात्या, सूप, शेंगा. ओटा सगळा सावलीत.

“बघ,” मी म्हटलं.

“काय बघू? किती वेळा बघू, ताई?”

“ऊस दुपारच्या आत तुटला. मग ही सावली कशाची आहे?”

तो बघत राहिला. “ढग आला असेल.”

मी बोटांनी चित्र मोठं केलं. अंगणाच्या टोकाला काकूंच्या गोठ्याचा पत्रा दिसत होता. उन्हात लखलखत होता. ढग असता तर तोही झाकोळला असता. सावली फक्त आमच्या ओट्यावर होती, आणि ती उभ्या उसाची होती. जो ऊस त्या वेळी कारखान्यात गाळला जात होता.

मग मला छकुली आठवली. तीन वर्षांच्या पोरीला मांजराची उडी आधी कशी कळली? तिनं ती पाहिलेली होती म्हणून. सोमवारी, त्याच वेळी, तेच मांजर, तीच उडी.

“सौरभ, मंगळवारी आपण तात्यांना बघितलंच नाही. दिवसभर आपण सोमवार बघत होतो.”

“वेड लागलंय तुला? तारीख बघ ना कोपऱ्यातली!”

तो एवढ्या जोरात ओरडला की मला त्याच्या तोंडाकडं बघावं लागलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

५

इंदापूरला एस.टी. स्टँडच्या मागं दिग्विजयचं दुकान आहे. लग्नं, कीर्तनं, जत्रा, बैलगाडा शर्यती, सगळं तो लाईव्ह दाखवतो. पंचविशीतला हसरा मुलगा, वरच्या खोलीत एकटाच राहतो. आमच्या आईच्या वर्षश्राद्धाचं कीर्तन त्यानंच दूरच्या नातेवाइकांना घरबसल्या दाखवलं होतं. तात्यांचा कॅमेराही त्यानंच बसवलेला.

आम्ही आत गेलो तेव्हा तो खुर्चीतून उठला, परत बसला, परत उठला.

“दिग्विजय, मला सोप्या भाषेत सांग. तात्यांचं चित्र माझ्या फोनात कसं यायचं?”

“ताई, वस्तीवरचं नेट बारीक. तुमी, दादा, पाहुणे, सगळे एकदम बघायला लागले की अडकायचं. म्हणून कॅमेऱ्याकडनं चित्र एकदाच वर पाठवायचं. मुंबईला एक सर्व्हर भाड्यानं घेतलाय, म्हणजे लांब ठेवलेला मोठा कॉम्प्युटर समजा, रात्रंदिवस चालू. तो मग सगळ्यांना वाटतो. माझ्या सगळ्या जत्रा त्याच्यावरच चालतात.”

“कोपऱ्यातली तारीख कॅमेरा टाकतो की सर्व्हर?”

तो माझ्याकडं बघायचं थांबला.

“सर्व्हर,” तो म्हणाला.

“म्हणजे सोमवारचं चित्र मंगळवारी लावलं तर त्याच्यावर मंगळवारचीच तारीख पडणार.”

बाहेर एस.टी.चा भोंगा वाजला. दिग्विजयनं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

“शर्यतीत लाईट जाती, ताई. पडदा काळा झाला की बघणारे सोडून जातात. म्हणून सर्व्हरला शिकवून ठेवलंय, इकडनं चित्र यायचं थांबलं तर आधीचं लाव. जत्रेतली माणसं, गर्दी, गुलाल, कोण ओळखतंय? तेच मी तात्यांना लावलं. आदल्या दिवसाचं, त्याच वेळचं. पाच-दहा मिन्टं लाईट जायची, यायची. कुणाला कळायचं बी नाही.”

“आणि दिवसभर आलंच नाही तर?”

“असा इचारच केला नव्हता.” त्याचा आवाज चिरकला. “बुधवारी सकाळी गावातनं कळलं तवा मी उघडून बघितलं. तात्या च्या पीत बसले होते. मी बंद केलं, ताई. मला बघवेना.”

“जत्रेचं जत्रेला. माणसाच्या घराला असलं लावायला तुला सांगितलं कुणी?”

तो खाली बघत राहिला.

“दिग्विजय!”

त्यानं मान वर केली, पण माझ्याकडं नाही. माझ्या मागं, दारात उभ्या असलेल्या सौरभकडं.

६

गाडीत बसल्यावर सौरभ रडला. बुधवारपासून साठलेलं सगळं.

“तू ऐकायचीस का स्वतःचा आवाज? लाईट गेली की तुझा फोन. मी मीटिंगमध्ये, मी गाडी चालवतोय, मी जेवतोय. ‘सौरभ, तात्या दिसत नाहीत.’ घसा कोरडा पडलेला असायचा तुझा. छकुली मागं रडत असायची. प्रत्येक वेळी लाईटच गेलेली असायची, ताई. मला तुझी कीव आली. मी त्याला म्हटलं, काहीही कर, तिला काळा पडदा दिसू देऊ नकोस. तो कसं करणार हे मी विचारलंही नाही. सर्व्हरवर बॅकअप आहे म्हणाला, मी बरं म्हटलं.”

मला आठवलं, मध्यंतरी मी सगळ्यांना सांगत होते, तात्यांकडचं नेट आता किती छान झालंय.

काळा पडदा. तेवढी एकच गोष्ट खरी बोलली असती. मंगळवारी सकाळी तो दिसला असता तर मी छकुलीला काखेत मारून मिळेल त्या गाडीनं सणसरला गेले असते. सगळे हसले असते मला, पण गेले असते.

परत येताना वस्तीच्या वळणावर मी गाडी थांबवायला लावली. खांबावरून आमच्या घराकडं जाणारी नेटची तार मधोमध तुटलेली होती. एक टोक पाचटात पडलेलं. ट्रॅक्टरच्या उंच जाळीच्या ट्रॉलीला अडकून तुटते तशी.

मी सरळ सोमनाथकडं गेले. ह्या वेळी सौरभ माझ्याबरोबर आला.

“तार तुझ्या ट्रॉलीनं तुटली ना? सकाळच्या पहिल्या खेपेला?”

सोमनाथचा चेहरा पडला. मग हळूच म्हणाला, “व्हय. तात्या भाईर आले. शिव्या घातल्या मला, लय घातल्या. मी म्हणलं, सांजच्याला तारवाल्याला घिऊन येतो. तर म्हनले, सांजपातूर माझ्या राजीनं काय करायचं रं? घाबरंल ती. आन् आत गेले. सांजला मी उसाबरूबर हे बी सांगाया आल्तो, तारवाला उद्या येतोय म्हणून. नंतर भ्यालो ताई. तार माझ्याकडनंच तुटल्याली, त्यात आमचं भांडान.”

पुढचं मला दिसत होतं. दिग्विजयनं तात्यांना एकच गोष्ट शिकवली होती. डब्यावर लाल दिवा लागला की पिन काढायची आणि परत घालायची. तार बाहेर तुटली की आत पिन घालून उपयोग नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. उंदरांच्या भीतीनं डबा उंच फळीवर, बोर्ड त्याच्या बाजूला. ते स्टुलावर चढले. पिन काढली. परत घालणं झालं नाही. रानात मशीन धडधडत होतं. त्यांनी हाक मारलीही असेल.

डॉक्टरांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, “लगेच नाही गेले ते. दुपारपर्यंत कुणी...” आणि चष्मा पुसत बसले.

हवालदारांकडं सौरभ स्वतः गेला. सगळं त्यानंच सांगितलं, माझं नाव मध्ये न घेता. सोमनाथवरचा संशय गेला. गाव दुसऱ्या दिवशी असं वागायला लागलं जसं काही कुणी काही बोललंच नव्हतं. तिसऱ्या प्रहरी काकू आल्या, टोपलीत पिठलं आणि भाकरी घेऊन. टोपली ओट्यावर ठेवली. मी त्यांचे पाय धरायला वाकले तर त्यांनी मला मध्येच धरलं.

“जेव आधी,” त्या म्हणाल्या. “पोरगी हाय ना तुला. अंगावर काढू नगं.”

७

रहस्य इथं संपतं. कुणी मारलं नव्हतं. तिघांनी मिळून मला जपलं होतं, तात्यांनी, सौरभनं, दिग्विजयनं. आणि तिघांच्या त्या जपण्यामधल्या फटीत माझे वडील दिवसभर पडून राहिले.

पण एक गोष्ट मी वर लिहिली नाही. दुकानातून निघताना मी मागं वळून दिग्विजयला म्हटलं होतं, “तू माझ्या बापाला मेल्यावरही हात हलवायला लावलास.” त्याचे हात टेबलावर तसेच पालथे.

दहाव्याला तो आला नाही. मी फोन केला, वाजत राहिला. रागानं नव्हे, मला त्याला सांगायचं होतं की सगळा दोष तुझा नाही, आम्ही तुला जे मागितलं ते तू दिलंस. सोमनाथ इंदापूरला गेला होता तेव्हा बघून आला. शटर अर्धं खाली, शेजारचा चहावाला म्हणाला, असेल की कुठंतरी जत्रेला, त्याचं लाईव्ह तर रोज चालू आहे.

ते मलाही दिसतंय. आत्ता, दुपारी, मी हे लिहितेय तेव्हाही त्याच्या चॅनेलवर शर्यत चालू आहे. धुरळा उडतोय, दिग्विजय माईक हातात घेऊन मोकळा हसतोय. कोपऱ्यात आजची तारीख आहे. खाली लोक लिहिताहेत, भावा एक नंबर.

मी सोमनाथला विचारलं, आज कुठं शर्यत आहे? तो म्हणाला, “ताई, आज आसपास कुठंच न्हाय.”

सौरभ गाडी काढतोय. छकुलीला काकूंकडं ठेवून आम्ही निघतोच आहोत. पण ह्या दिवसांत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, पोचायला वेळ लागणार. तुम्ही हे वाचताय आणि इंदापुरात असाल, स्टँडच्या जवळपास असाल, तर एवढं करा. दुकानाच्या बाजूनं लोखंडी जिना वर जातो. वर जा. दार वाजवा. उत्तर आलं नाही तर परत वाजवा, शेजारच्यांना गोळा करा, लाजू नका. आणि त्यानं दार उघडलं तर त्याच्याजवळ बसून राहा. सांगा, राजीताई रागावलेली नाही, ती वाटेत आहे.